कासवाच्या पेटीत काय अंथरावं? आधी वाफसा बघा

गुहागरहून तुम्ही विचारलंय. भाचा शिकायला बाहेर गेला आणि त्याचं दीड वर्षाचं सुलकाटा कासव तुमच्याकडे आलं. पाच इंचांचं आहे. तीन फूट बाय दोन फूट प्लायची पेटी पडवीत जमिनीवर ठेवली आहे. आत समुद्रावरची वाळू घातली, कारण 'हे वाळवंटातलं कासव' असं कुणी सांगितलं होतं आणि वेळासला तुम्ही स्वतः कासवं वाळूतच पाहिली होती. आता मृग लागल्यापासून ती वाळू सुकत नाही, वास मारते, आणि कासवाच्या पोटाकडच्या कवचावर पांढरट चट्टे दिसायला लागलेत. कुणी लाकडाचा भुसा घाला म्हणतं, कुणी तूस, कुणी कोकोपीट (नारळाच्या सालीचा, म्हणजे सोडणाचा, भुगा). नेमकं काय घालावं?

मी रत्नागिरी परिसरात बावीस वर्षं पशुवैद्यकी करतो. गाईम्हशी, कुत्री, मांजरं हे रोजचं काम. पाळीव कासवं गेल्या दहा-बारा वर्षांत यायला लागली, आणि त्यातली निम्मी तरी अंथरुणापायी आजारी पडलेली असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न 'कुठली वस्तू' असा आहे, पण पेटीतली गोष्ट वस्तूवर कमी आणि पाण्यावर जास्त ठरते: ती वस्तू पाणी किती धरते, कुठे धरते, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांत तुम्ही ते आवरू शकता का.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती चुकली तर पुढचं सगळं वाया. कासव खरोखर सुलकाटाच आहे ना? सुलकाटा मातकट-पिवळसर, एकरंगी असतं, कवचावर फार तर गडद कडा. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या उमटलेल्या असतील तर ते आपलं भारतीय तारा कासव. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तेव्हापासून तारा कासव पहिल्या अनुसूचीत आहे. तसं असेल तर अंथरुणाचा विचार सोडा, वनखात्याला १९२६ वर फोन करा आणि ते रीतसर सोपवा. जवळच्या रानात सोडून देऊ नका. ते मुळात कोकणातलं नाही, आपल्या पावसात टिकणार नाही. सुलकाटा परदेशी आहे, पण त्याचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते. भाच्याने केली असेल तर कागद मागून घ्या, आणि कासव आता तुमच्याकडे आहे हे त्या नोंदीत कसं दाखवायचं ते वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

आता वाळू. मराठीत समुद्रातलं, तळ्यातलं आणि जमिनीवरचं, सगळ्यांना आपण कासवच म्हणतो, त्यामुळे हा घोटाळा होतो. वेळासच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले मादी आयुष्य समुद्रात काढते. अंडी घालायला तेवढी रात्री वर येते, हातभर खड्डा करून अंडी पुरते आणि परत जाते. पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं निघतात ती थेट पाण्याकडे. म्हणजे वाळू हे अंड्यांचं घर. कासव त्यात राहत नाही. तुमचं सुलकाटा आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं, साहेल पट्ट्यातलं. तिथे वर रखरख असते हे खरं, पण हा प्राणी भर उन्हाचा वेळ खोल बिळात काढतो. बिळात माती दमट असते, हवाही दमट. वरच्या कोरड्या रेतीचं चित्र बघून आपण पेटी भरतो आणि त्याचं खरं घर जमिनीच्या पोटात असतं हे विसरतो.

समुद्राच्या वाळूत आणखी दोन दोष आहेत. पहिला मिठाचा. मीठ हवेतली ओल ओढतं. जुलैत स्वयंपाकघरातलं मीठ कसं पाझरतं ते आपण पाहतोच. ती वाळू सुकणार कशी? दुसरा दोष पोटात जाण्याचा. ओला पाला वाळूत पडला की वाळू त्याला चिकटते आणि घासाबरोबर आत जाते. चार-पाच वर्षांपूर्वी दापोलीकडून एक कासव आलं होतं, तळहाताएवढं. आठवडाभर खात नव्हतं. हातात घेतलं तेव्हा आकाराच्या मानाने जड लागलं. एक्स-रे काढला तर आतड्याची वळणं पांढरी शुभ्र, जणू कुणी खडूने रेघ ओढावी. ती सगळी वाळू होती. रोज दोनदा कोमट पाण्यात बसवून, जोडीला औषधं देऊन नवव्या दिवशी ती बाहेर पडायला लागली. मालकीण रोज चहाच्या गाळणीत ती वाळू धुऊन, कागदाच्या पुडीत बांधून मला दाखवायला आणायची. ते कासव वाचलं. त्याच त्रासाची दुसरी दोन वाचली नाहीत. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उपसायला सीआरझेडच्या (सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांनी बंदी आहे, तेव्हा तो विषय संपवू.

मग हवं काय? शेतकऱ्याच्या घरातला माणूस असाल तर एका शब्दात सांगतो: वाफसा. पाऊस पडून उघडीप मिळाली की दोन दिवसांनी माती जशी होते तशी. पायाला चिखल लागत नाही, धूळही उडत नाही, नांगर सहज चालतो. मातीच्या कणांत ओल आहे आणि मधल्या पोकळीत हवाही आहे. पेटीतलं अंथरूण बारा महिने वाफशावर ठेवायचं: वरचा बोटभर थर कोरडा, खाली दमट. कासव वर चालतं, खालच्या ओलीत शिरून झोपतं.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. तळातली माती मुठीत घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर मुटका टिकला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर मोडला पाहिजे. बोटांच्या फटीतून पाणी निघालं तर फार ओली. मुटका झालाच नाही तर कोरडी. मी कासववाल्यांना हे रोज सकाळी करायला सांगतो. पाच सेकंदांचं काम आहे.

ही ओल इतकी का महत्त्वाची? लहान कासव कोरड्यात वाढलं की कवचाच्या प्रत्येक खवल्याचा डोंगर होतो, पाठ सपाट न राहता टेंगळांची होते. पूर्वी सगळे याचा दोष जास्त प्रथिनांना द्यायचे. २००३ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटाच्याच पिल्लांवर अभ्यास केला, त्यात हवेतली आर्द्रता हे मोठं कारण निघालं आणि प्रथिनांचा वाटा किरकोळ. एकदा आलेले उंचवटे जात नाहीत. दुसऱ्या बाजूने, ओल जास्त आणि ऊब कमी झाली की पोटाचं कवच कुजतं आणि छातीत सर्दी भरते. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याची सर्दी साधी समजायची नाही. दमट आणि उबदार चालतं, दमट आणि गार चालत नाही. तुमच्या पडवीत सध्या हेच दुसरं चाललंय.

आता वस्तूंकडे येतो. मी स्वतः जे सुचवतो ते मातीचं आणि नारळाचं मिश्रण. कोकणात राहून कासवासाठी परदेशी पाकिटं मागवायची गरज नाही, परसात सगळं आहे. फक्त माती कुठली घ्यायची यात डोळस राहा. सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं तांबं खालच्या मातीत साठत जातं. हापूसच्या कलमांना मोहोर यावा म्हणून बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझॉल ओततात, तेही मातीत बराच काळ राहतं. तेव्हा सुपारीखालची माती नको, कलमाच्या आळ्यातली तर मुळीच नको. जिथे कधी फवारणी केली नाही, खत टाकलं नाही, अशा फणसाखालची किंवा कुंपणाकडची माती घ्या. जांभ्याची लाल माती पाणी छान निचरू देते, पण तिच्यातले खडे काचेसारखे बोचतात. पिठाच्या नाही तरी रव्याच्या चाळणीने चाळून घ्या आणि दोन-चार दिवस उन्हात वाळवा. पावसात ऊन नसेल तर लोखंडी तव्यावर भाजून घ्या. त्याने किडेही जातात.

दोन वाटे ही माती आणि एक वाटा कोकोपीट. साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते, त्यामुळे तीनेक विटांत तुमचं भागेल. पण कोकोपीट धुऊन घ्या. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली की त्यात मीठ राहतं. बादलीत भिजवायचं, फडक्यात पिळायचं, पाण्याचा चहाचा रंग जाऊन ते जवळजवळ नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा. नुसतं कोकोपीट मात्र घालू नका. सुकलं की त्याची धूळ होते आणि डोळ्यांत जाते, ओलं झालं की स्पंजासारखं पाणी धरून बसतं. मातीचं वजन त्याला हवं. थराची जाडी कासवाच्या लांबीएवढी, म्हणजे तुमच्यासाठी पाच-सहा इंच. ते उकरणार, अंग पुरून घेणार. त्याला तसं करू द्या.

भुसा नको. वखारीतल्या भुशात कुठलं लाकूड आहे हे वखारवालाही सांगू शकत नाही; देवदार आणि पाइनच्या लाकडातल्या उग्र द्रव्यांनी श्वासनलिका चुरचुरते, फर्निचरच्या कामातल्या भुशात तर प्लायचा गोंदही असतो. तुसाची चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका कासवाला कोंबड्यांच्या खुराड्यात घालतात तसा तूस घालायला मीच सांगितलं. पंधरा दिवसांत दोन्ही डोळे सुजून बंद. पापणीखालून चिमट्याने तुसाचं एक टोकदार साल काढलं, तेव्हापासून मी तूस कुणाला सांगितला नाही. काजूच्या टरफलांचं वेगळं सांगायला नको. ज्या तेलाने आपल्या हातावर फोड येतात ते त्याच्या पोटाखाली कशाला? हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई दिसायला नीट दिसते, पण तिचे धागे कासव खातं. नुसती लादी घसरते आणि पाय फाकतात. शेणाने सारवलेल्या अंगणात उन्हाळ्याच्या सकाळी त्याला खुशाल हिंडू द्या, पेटीत सारवण नको, पावसात त्यावर बुरशी धरते. पेंढ्याचंही तेच: डिसेंबर ते मे लपायच्या कोपऱ्यात मूठभर सुका पेंढा उत्तम, जूननंतर एकही काडी नको.

पातेऱ्याबद्दल आवर्जून लिहितो, कारण तो फुकट मिळतो आणि कासवाला फार आवडतो. फणसाची, वडाची सुकी पानं वर पसरली की खालची ओल टिकते आणि पोट ओल्या मातीला थेट टेकत नाही. पण पातेरा हाताने गोळा करू नका. आपल्या भागात फुरसं त्यातच बसतं. आधी काठीने पसरा, झटका, मग उचला. पावसाळ्यासाठीचा पातेरा आगोटीची इतर बेगमी करतो तेव्हाच, मे महिन्यात, पोत्यात भरून माळ्यावर टाकून ठेवावा. यंदा तो वेळ गेला, पण सुकी पानं कुणाकडे असतील तर मागून घ्या.

एवढं झालं तरी एकच मिश्रण बारा महिने चालत नाही, आणि कोकणात खरी अडचण इथेच येते. पुण्या-नाशिककडच्या माणसाला 'अंथरुणावर रोज पाणी शिंपडा' असा सल्ला मिळतो तो त्याच्यासाठी बरोबर असतो. तुम्ही जुलैत पाणी शिंपडलंत तर कासव कुजवाल. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतच ऐंशी-नव्वद टक्के ओल असते. या दिवसांत कोकोपीट कमी करा, त्याच्या जागी सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मिसळा. त्यांनी मातीत पोकळी राहते, हवा खेळते. तुकडे तोंडात मावतील इतके बारीक नकोत. पाणी अजिबात घालू नका. पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर किंवा चार जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवा, कारण पावसात लादीला घाम फुटतो आणि तो प्लायमधून वर चढतो. प्लायला आतून जाड ताडपत्री लावून घ्या. वरचं झाकण जाळीचं हवं, काचेचं नको.

आणि ऊब द्या. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली पस्तीस अंशांच्या आसपास तापमान, दुसऱ्या टोकाला सव्वीस-अठ्ठावीस. दिवा असा टांगा की त्याच्याखालची वरची माती संध्याकाळपर्यंत सुकलेली दिसेल. पावसात लाईट जाते हे धरूनच चाला. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा ज्यांनी कासव कोरड्या टोपलीत, जुन्या सुती कापडात गुंडाळून, चुलीच्या उबेला पण धुरापासून लांब ठेवलं त्यांची कासवं नीट राहिली. ओल्या मातीतच राहिलेली दोन माझ्याकडे नाकातून फेस येत आली. लाईट चार-पाच तासांवर गेली तर ओल्या अंथरुणातून कासव बाहेर काढायचं, एवढं पक्कं करा.

दिवाळीनंतर चित्र उलटं. सकाळी मतलई वारा सुटला की आपले ओठ फुटतात, तसं त्याचं अंथरूणही चार दिवसांत धुळीवर येतं. तेव्हा कोकोपीट पुन्हा वाढवा आणि पाणी द्या, पण वरून शिंपडून नको. पेटीच्या कोपऱ्यात तांब्याने सावकाश ओता, ते तळातून पसरतं आणि वरचा थर कोरडा राहतो. नारळाच्या आळ्यात पाणी सोडतो तसंच.

पांढऱ्या चट्ट्यांविषयी मी न बघता एवढंच सांगेन. सगळेच चट्टे कुजण्याचे नसतात, वाढत्या कवचाचा पातळ पापुद्राही पांढरा दिसतो. नखाने हलकेच दाबून बघा. कडक असेल आणि वास नसेल तर कोरडं ठेवल्यावर आठवड्यात फरक दिसेल. नख रुततंय, खालून लालसर दिसतंय किंवा सुक्या मासळीसारखा उग्र वास येतोय, तर ती कूज आहे, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. संपूर्ण कवचच दाबल्यावर लवत असेल तर दोष अंथरुणाचा नाही, कॅल्शियमचा आणि उन्हाचा आहे; पावसाळ्यात ऊन नाही आणि खिडकीच्या काचेतून हवे ते किरण येत नाहीत, तिथे यूव्हीबीची ट्यूब लावावी लागते. काहीही असलं तरी कवचाला खोबरेल लावू नका. आपल्याकडे ही फार प्रेमाने केली जाणारी गोष्ट आहे, पण तेलावर धूळ बसते आणि तेलाखाली बुरशीला आडोसा मिळतो.

मुंग्या येतीलच. लक्ष्मणरेषा किंवा कुठलीही पावडर पेटीजवळ नको. जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पूर्वी पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तशा टेबलाच्या पायांखाली ठेवा. विष्ठा आणि उरलेला पाला रोज उचला, अन्न सपाट कौलावर द्या म्हणजे माती घासात जाणार नाही. संपूर्ण अंथरूण पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्याने, एरवी तीन-चार महिन्यांनी बदला. काढलेली माती फुलझाडांना घाला, पालेभाजीला नको, आणि हात साबणाने धुवा. कासवांच्या विष्ठेतून साल्मोनेला माणसाला होऊ शकतो.

आज संध्याकाळी एवढंच करा. सगळी वाळू काढा, पेटी धुऊन पुसून दिव्याखाली पूर्ण सुकवा. कासवाला पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी त्याच्या हनुवटीखाली राहील इतकंच. त्या पाण्यात शौच झालं तर वाळू निघतेय का ते गाळून बघा. मग नीट पुसून पुढचे सात-आठ दिवस वर्तमानपत्राच्या चार घड्यांवर ठेवा, कागद रोज बदला, कोपऱ्यात लपायला उलटं ठेवलेलं मातीचं फुटकं मडकं द्या. कागदावर ते फार काळ ठेवायचं नाही, पण पोट सुकायला आणि विष्ठा नीट दिसायला याहून चांगलं काही नाही. तेवढ्या दिवसांत माती चाळून, भाजून, सोडणाचे तुकडे करून तयार होतील. आठव्या दिवशी कवच कडक आणि कोरडं असेल तर मिश्रण घाला. खाणं बंद झालं, नाकाशी बुडबुडे दिसले किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, तर आठ दिवस थांबू नका, त्याच दिवशी घेऊन निघा.